वानरांचें वयांत येणें

नागपूरच्या दक्षिणेस, वर्ध्याकडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या कडेला, ‘मिहान’ या नांवानें ओळखला जाणारा एक विस्तीर्ण टापू आहे. हें नांव कोणा गांवाचें नव्हे, नदीचें नव्हे, कीं देवाचेंहि नव्हे. एका लांबलचक इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांपासून तें घडविलेलें आहे. २००२ सालीं स्थापन झालेल्या एका सरकारी कंपनीसाठीं शिवणगाव, तेल्हारा, कलकुही, दहेगाव, खापरी इत्यादि गांवांच्या शिवारांतील जमिनी संपादन करण्यांत आल्या, आणि तेथें विमानांच्या मालवाहतुकीचें केंद्र, कारखाने, संगणकाच्या कचेऱ्या, इस्पितळ व शिक्षणसंस्था यांची वसाहत उभी राहूं लागली. चार हजार हेक्टरांहून अधिक अशा या क्षेत्रांत सर्वच जागा अद्याप भरलेली नाहीं. मधून मधून मोकळीं रानें आहेत, त्यांत बाभळी व पळस माजले आहेत, आणि जुन्या बांधांवरचे आंबे, चिंचा व कडुनिंब अजून उभे आहेत. त्या झाडांचे धनी मोबदला घेऊन दुसरीकडे गेले. झाडांवर येणारीं वानरें मात्र पूर्वीसारखींच येत आहेत.

गेल्या हिवाळ्यांत अशाच एका चिंचेखालीं आम्ही सबंध दुपार बसून होतों. टोळी पंधरावीस वानरांची होती. एका मादीच्या पोटाशीं एक काळेंभोर पिलूं बिलगलेलें होतें. थोड्या वेळानें तें दुसरीच्याच मांडीवर दिसलें. आणि पुन्हां पाहतों तों एक तिसरी, वयानें अगदीं तरुण अशी मादी त्यास छातीशीं धरून वरच्या फांदीवर निघालेली! आमच्याजवळ त्याच शिवारांत आयुष्य घालविलेले एक वृद्ध शेतकरी उभे होते. ते म्हणाले, “नर असन त हुप्प्या त्याले ठेवत नाई, गुरुजी.” हें वाक्य विदर्भांतल्या गांवोगांवीं ऐकूं येतें, आणि आम्हीहि तें लहानपणापासून ऐकत आलों आहों. त्यांत सत्य किती, आणि त्या काळ्या पिलाची पुढें आई होते कीं हुप्प्या होतो, तें होण्यास किती काळ लागतो व तो कशानें ठरतो, याचा शोध घेऊं लागलों तेव्हां ध्यानांत आलें कीं, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाच्या उत्तरास सुमारें दोनशें वर्षें लागलीं आहेत, आणि त्या उत्तराचा बराचसा भाग आपल्याच आसपासच्या मुलखांत सांपडलेला आहे. त्या शोधाचा इतिहास वाचकांपुढें ठेवावा या हेतूनें हा लेखनप्रपंच.

प्रथम शब्दांविषयीं. इंग्रजींत ‘मंकी’ या एकाच शब्दानें ज्यांचा निर्देश होतो, त्यांत मराठी भाषा मुळापासून भेद करीत आली आहे. गालांच्या पिशव्यांत खाद्य कोंबून पळणारें, तांबूस तोंडाचें तें माकड. काळ्या तोंडाचें, रुपेरी अंगाचें, लांब शेपटीचें आणि मुख्यत्वें पानाफळांवर राहणारें तें वानर. वानरांतील जो पूर्ण वाढलेला नर ‘हुप्प हुप्प’ असा घुमणारा आवाज काढून टोळीवर हुकमत चालवितो तो हुप्प्या. मादी ती नुसती वानरी. तिच्या वयाला किंवा अधिकाराला निराळें नांव नाहीं. जेथें लोकांचें लक्ष गेलें तेथें नांव उत्पन्न झालें. पुढें शास्त्रज्ञांचेंहि लक्ष प्रथम तेथेंच गेलें, आणि मादीकडे वळण्यास त्यांस फार उशीर लागला, हें पुढील हकीकतीवरून दिसून येईल.

हुप्प्याच्या राज्याची कथा तर आपल्या आदिकाव्यांतच आहे. किष्किंधेंत वाली मारला जातो, सुग्रीव राज्यावर बसतो, आणि वालीची पत्नी तारा त्याच्या अंतःपुरांत येते. येथपर्यंत ही कथा वानरांच्या टोळींतील सत्तापालटाशीं इतकी जुळते कीं, असा एखादा प्रसंग कवीच्या काळच्या वनवासी लोकांनीं पाहिलेला असावा असें वाटल्यावांचून राहत नाहीं. परंतु पुढें कवीनें वाट बदलली आहे. वालीचा पुत्र अंगद मारला जात नाहीं, हांकलला जात नाहीं. तो युवराज होतो. पराभूत राजाच्या मुलाचें काय करावयाचें, हा या प्रसंगांतील खरा प्रश्न आहे हें कवीस पुरतें ठाऊक होतें. उत्तर मात्र त्यानें माणसाच्या धर्मास अनुसरून दिलें. अरण्याचें उत्तर निराळें आहे.

युरोपीय शास्त्रांत या वानराचा प्रवेश १७९७ सालीं झाला. द्यूफ्रेन नांवाच्या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानें बंगालकडील नमुन्यावरून त्याचें वर्णन केलें व त्यास ‘एंटेलस’ हें नांव दिलें. एंटेलस हा व्हर्जिलच्या महाकाव्यांतील एक वयोवृद्ध मुष्टियोद्धा. म्हणजे शास्त्रीय नांवांतहि पुन्हां लढवय्या नरच! पुढें १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी झाली आणि सातपुड्याच्या रानांतून हिंडणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांचीं पुस्तकें बाहेर पडूं लागलीं. फोर्साइथ यांचें मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ प्रदेशावरील पुस्तक १८७१ चें, स्टर्नडेल यांचें शिवनीच्या रानावरील १८७७ चें, आणि त्यांचाच हिंदुस्थानांतील सस्तन प्राण्यांवरील ग्रंथ १८८४ चा. या मंडळींचा जंगलाशीं परिचय दांडगा होता. पण तो बंदुकीच्या मागें उभें राहून झालेला परिचय होता. मेलेल्या जनावराची लांबी, रुंदी, दांत व केस हीं त्यांना काळजीपूर्वक टिपतां आलीं; परंतु तें जनावर किती वर्षांचें, कोणाच्या पोटचें, कोणत्या टोळींत जन्मलें आणि कोणत्या टोळींत मेलें, हें मेलेलें शरीर सांगूं शकत नाहीं.

त्याच शिवनीच्या रानांत किप्लिंगनें १८९४ च्या आपल्या ‘जंगल बुका’ंत मोगलीची कथा घातली, आणि माकडांच्या जातीला ना कायदा, ना नायक, ना स्मरण, असा निवाडा देऊन टाकला. आमच्यापैकीं पुष्कळांनीं तें पुस्तक शाळेंत वाचलें आणि घरामागच्या चिंचेवर काय चाललें आहे तें पाहण्याऐवजीं किप्लिंगचें म्हणणेंच खरें मानलें. इंग्रजी शिक्षणानें आम्हांस जें दिलें तें थोडें नाहीं. परंतु स्वतःच्या अंगणांतली गोष्ट दुसऱ्याच्या पुस्तकांतून पाहण्याची संवयहि त्यानेंच लाविली, हें कबूल करणें प्राप्त आहे.

त्या काळांत कांहीं महत्त्वाच्या नोंदी मुळींच झाल्या नाहींत असें नाहीं. १८८४ सालीं बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या कार्यवृत्तांत ह्यूज या गृहस्थांनीं रेवा संस्थानांत स्वतः पाहिलेल्या वानरांच्या एका झुंजीचें वर्णन छापलें. दोन टोळ्या समोरासमोर येऊन त्यांतील नर एकमेकांच्या जिवावर उठल्याची ती हकीकत आजहि वाचण्यासारखी आहे. परंतु एका झुंजीवरून एक दिवस समजतो, आयुष्य समजत नाहीं. वाढ समजण्यास जन्माचा दिवस ठाऊक पाहिजे. आणि तो ठाऊक होण्यास निरीक्षकानें एकाच टोळीजवळ वर्षानुवर्षें राहिलें पाहिजे व त्यास प्रत्येक वानर तोंडावरून ओळखतां आलें पाहिजे. शिकाऱ्यापाशीं हा धीर नव्हता आणि सरकारी अधिकाऱ्यापाशीं हा वेळ नव्हता.

विसाव्या शतकांत प्रथम जे प्रयत्न झाले ते बंदिस्त जागेंत. १९३२ सालीं झुकरमन यांचा माकडांच्या समाजजीवनावरील प्रसिद्ध ग्रंथ निघाला. त्याचा मोठा आधार म्हणजे लंडनच्या प्राणिसंग्रहालयांतील आफ्रिकी बबून. अपुऱ्या जागेंत, नर पुष्कळ व माद्या थोड्या अशा स्थितींत कोंडलेल्या त्या प्राण्यांचा रक्तपात पाहून सर्व वानरजातीचा स्वभाव ठरविण्यांत आला. १९३८ सालीं कारपेंटर यांनीं हिंदुस्थानांतून सुमारें चारशें लाल तोंडाचीं माकडें बोटीनें नेऊन पोर्टो रिकोजवळील कायो सांतियागो या लहानशा बेटावर सोडलीं. पुढील काळांत तेथें प्रत्येक माकडाच्या जन्ममृत्यूची नोंद राहूं लागली, आणि मुली आईच्या गोतांतच राहतात व मुलगे वयांत येतांना बाहेर पडतात, ही गोष्ट आंकड्यांनिशीं कळली. तथापि बेटावरील त्या माकडांना अन्न माणसें पुरवीत होतीं; बाहेर पडणाऱ्या नराला खरें बाहेर असें कोठें नव्हतेंच.

मोकळ्या रानांतील वानरांजवळ दीर्घकाळ बसण्याचें काम १९५८ ते १९६० या काळांत फिलिस जे या अमेरिकन विदुषींनीं केलें. उत्तर प्रदेशांतील कौकोरी हें गांव आणि बस्तरच्या अरण्यांतील ओरछा हीं त्यांचीं दोन मुख्य ठिकाणें. त्यांची दृष्टि माद्या व पिलें यांच्याकडे वळली, आणि आम्ही मिहानच्या चिंचेखालीं जें पाहिलें त्याचा अर्थ प्रथम त्यांच्या लेखनांत सविस्तर सांपडतो. नवजात पिलूं काळसर असतें. तो रंग पाहतांच टोळींतील माद्या त्याच्याभोंवतीं गोळा होतात, आणि आई पहिल्या दिवसापासूनच तें इतरांच्या हातीं देते. चारपांच महिन्यांत काळा रंग जाऊन अंगावर फिकट केस येतात, तसतशी ही गर्दी ओसरते. जे यांस टोळ्या एकंदरींत शांत दिसल्या. एकाच टोळींत अनेक नर फारशी कटकट न होतां नांदत होते. यावरून वानर हा सौम्य प्राणी होय, असा समज रूढ झाला.

नेमक्या त्याच सुमारास, १९६१ पासून, जपानांतील क्योटोहून आलेले युकिमारू सुगियामा व त्यांचे सहकारी धारवाडच्या रानांत निरीक्षण करीत होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत धारवाड मुंबईच्या राज्यांत होतें. तो मुलूख मराठी वाचकांस परका नाहीं. तेथें १९६२ सालीं सुगियामा यांच्या डोळ्यांदेखत बाहेरच्या नरांच्या एका जथ्यानें एका टोळीवर हल्ला केला. जुना हुप्प्या हांकलला गेला; त्याच्या मागोमाग अर्धवट वाढलेले नरहि टोळीबाहेर पडले; आणि आक्रमकांपैकीं एकानें आपल्याच सोबत्यांस घालवून देऊन टोळी बळकावली. त्यानंतर अंगावर पिणारीं पिलें एकामागून एक चाव्यांनीं जखमी होऊन नाहींशीं झालीं. पिलें गमावलेल्या माद्या थोड्याच दिवसांत माजावर आल्या, आणि यथाकाल नव्या हुप्प्याचीं पिलें जन्मास आलीं.

१९६५ सालीं ही हकीकत प्रसिद्ध झाली तेव्हां अनेकांनीं तीकडे विकृति म्हणून पाहिलें. माणसांची वस्ती वाढली, रानें तुटलीं, वानरांची दाटी झाली, म्हणून हा अनर्थ, असें त्यांचें म्हणणें. राजस्थानांत जोधपूर येथें मोहनोत यांनींहि १९७१ सालीं असेच प्रसंग नोंदविले. त्याच वर्षीं सॅरा हर्डी ही तरुण अमेरिकन विद्यार्थिनी अबूच्या पहाडावर आली. दाटीमुळेंच पिलें मारलीं जातात हें सिद्ध करावें या कल्पनेनें ती निघाली होती. पण प्रत्यक्ष पाहिल्यावर तिनें आपलें मत बदललें. पिलूं मारणारा नर बाहेरून नुकताच आलेला असतो. तें पिलूं त्याचें नसतें. आणि तें गेल्यानें मादी लवकर पुन्हां गर्भधारणेस योग्य होते. हुप्प्याची कारकीर्द थोडी असते, म्हणून त्यास वाट पाहणें परवडत नाहीं. १९७७ च्या आपल्या ग्रंथांत तिनें हा विचार मांडला आणि त्यावर वीस वर्षें वाद झाला.

वादाचा निकाल लागण्यास दोन गोष्टी कारण झाल्या, आणि त्यांपैकीं एक आपल्या शेजारची आहे. पॉल न्यूटन यांनीं कान्ह्याच्या अरण्यांत, जेथें माणसांची दाटी नाहीं कीं वानरांना कोणी अन्न घालीत नाहीं, तेथेंहि पिलें मारलीं गेल्याचें दाखविलें. त्यांचा निबंध १९८६ चा. दुसरी गोष्ट नेपाळच्या तराईंतील रामनगर येथील. तेथें बोरीस व तिच्या सहकाऱ्यांनीं वानरांच्या आनुवंशिक द्रव्याचें परीक्षण करून १९९९ सालीं सिद्ध केलें कीं, पिलांवर हल्ला करणारा नर त्या पिलांचा बाप नव्हता. ज्या प्रश्नाचें उत्तर शंभर वर्षें बंदुकीला सांपडलें नाहीं, तें अखेर जमिनीवरून गोळा केलेल्या विष्ठेच्या नमुन्यांनीं दिलें.

येथपर्यंतचा इतिहास पुन्हां हुप्प्याचाच झाला, असें वाचक म्हणतील. तें खरें आहे. परंतु या निरीक्षकांच्या वह्यांत जन्मतारखांची जी रास सांचली, तिच्यामुळें मादीचें वयांत येणेंहि प्रथमच नीट कळलें. आणि आमच्या मतें या सर्व खटाटोपाचें खरें फळ तेंच आहे.

गर्भकाल सुमारें दोनशें दिवसांचा. जन्मतः नर व मादी यांत डोळ्यांस भरेल असा फरक नसतो. पुढें मात्र दोघांच्या वाटा फुटतात. मादीपिलूं दूध सुटतां सुटतां दुसऱ्यांचीं पिलें उचलूं लागतें. प्रथम तिला तें धरतांहि येत नाहीं. पिलूं उलटें लोंबकळतें, ओरडतें, आणि आई येऊन हिसकावून घेते. वर्षादीड वर्षांत तिचा हात बसतो. म्हणजे आई होण्यापूर्वीं आईपणाची उमेदवारी ती करून घेते. ती ज्या टोळींत जन्मली त्याच टोळींत सामान्यतः मरते. तिची आई, बहिणी, मावश्या तेथेंच असतात. हर्डी यांस आणखी एक गोष्ट आढळली. माकडांच्या माद्यांत मान आईकडून मुलीकडे वारसाहक्कानें जातो; वानरांत तसें नाहीं. वानरांत तरुण मादी वर चढते आणि वय होईल तशी खालीं उतरते. मात्र नवा हुप्प्या पिलावर धांवून आला असतां त्याच्या आडवी येते ती बहुधा हीच उतरलेली म्हातारी.

नराची गोष्ट निराळी. दूध सुटल्यावर तो पिलांच्या दंग्यांत रमतो, पिलें सांभाळण्याकडे त्याचें लक्ष नसतें. मादीची वाढ थांबून तिचें अन्न गर्भ व दूध यांकडे लागूं लागतें, तरी नर वाढतच असतो. त्यास पूर्ण वाढ होऊन सुळे येण्यास सहासात वर्षें लागतात आणि अखेरीस त्याचें वजन मादीच्या दीडपटीच्या घरांत जातें. परंतु हीं वर्षें तो घरीं काढीत नाहीं. टोळींत सत्तापालट झाला कीं बापाबरोबर त्याचीहि हकालपट्टी होते. कित्येक नर दोनतीन वर्षांचेहि नसतांना बाहेर पडतात. मग ते निव्वळ नरांच्या भटक्या जथ्यांत शिरतात, आणि तेथें कडेकडेनें राहून, मोठ्यांचा मार चुकवून मोठे होतात. त्यांतील थोड्यांच्याच वांट्यास पुढें टोळी येते. आणि आली तरी किती दिवस? जोधपूरच्या नोंदींप्रमाणें हुप्प्याची कारकीर्द सरासरी सव्वादोन वर्षें. कोणी तीन दिवस टिकला, कोणी सहा वर्षें.

आतां त्या वृद्ध शेतकऱ्याच्या वाक्याकडे पुन्हां पाहूं. टोळींतील नर पिलें पुढें त्या टोळींत दिसत नाहींत, हें गांवानें बिनचूक पाहिलें होतें. हुप्प्या पिलें मारतो, हेंहि गांवानें साहेबांच्या आधीं पाहिलें होतें. या दोन खऱ्या गोष्टी जोडतांना मात्र चूक झाली. मारणारा हुप्प्या नर कीं मादी हें निवडीत नाहीं. मारलेल्यांत मादीपिलेंहि असतात. जीं नर पिलें वांचतात तीं पुढें घालविलीं जातात. ‘ठेवत नाई’ हे शब्द अक्षरशः खरे आहेत. त्यांचा अर्थ ‘मारतो’ असा नेहमींच करणें मात्र खरें नाहीं.

मराठी वाङ्मयानेंहि हा विषय अस्पर्श ठेवलेला नाहीं. ज्यांनीं विदर्भांतील नागझिऱ्याच्या अरण्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलें, त्या व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ ही छोटी कादंबरी १९८२ सालीं निघाली व १९८३ सालीं तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वानरांच्या टोळींतील राज्यक्रांतीची ती कथा पुष्कळांनीं राजकारणाचें रूपक म्हणून वाचली. तशी ती वाचण्यास हरकत नाहीं. पण वानरांच्या निरीक्षणाचा इतिहास ज्यास ठाऊक आहे त्यास ती रूपकावांचूनहि पुरी पडते, आणि किप्लिंगच्या निवाड्यास मराठींत मिळालेलें तें चोख उत्तर आहे असें वाटतें.

आतां शेवटचा व आमच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. मादी वयांत येण्यास किती वर्षें लागतात, या प्रश्नास एकच उत्तर नाहीं. जोधपूर येथें भाविक लोक वानरांना रोज पोळ्या, फळें, भाज्या घालतात. तेथें मादीस पहिलें पिलूं सुमारें साडेतीन वर्षांच्या वयांत होतें, तें वर्षभरांत दूध सोडतें, आणि सवा ते दीड वर्षाच्या आंतबाहेर दुसरें जन्मतें. रामनगरच्या रानांत कोणी अन्न घालीत नाहीं. तेथें पहिलें पिलूं होण्यास साडेसहा वर्षांहून अधिक काळ जातो, दूध सुटण्यास दोन वर्षें लागतात, आणि दोन पिलांत जवळजवळ अडीच वर्षांचें अंतर पडतें. दोन्हींकडे वानरेंच. पण एकीचें बालपण दुसरीच्या जवळजवळ दुप्पट! वानराचें वय पंचांगांत नाहीं. तें पोटांत आहे. ओरछ्यांत शांति पाहणारी विदुषी खोटी नव्हती, धारवाडांत रक्त पाहणारे सुगियामाहि खोटे नव्हते. प्रत्येकानें आपलें एक रान पाहिलें आणि तेंच सर्व रान मानलें, एवढाच त्यांचा दोष. या दोनशें वर्षांच्या इतिहासाचें सार आम्हांस विचारल्यास आम्ही हेंच सांगूं.

मग मिहानच्या वानरांचें काय? तीं जोधपूरचीं होणार कीं रामनगरचीं, हें आपल्या हातांत आहे. शनिवारीं मारुतीच्या नांवानें रस्त्याकडेला मोटार थांबवून केळीं, फुटाणे, बिस्किटें टाकणारीं सज्जन माणसें आमच्या ओळखीचीं आहेत. एके काळीं आम्हीहि तें केलेलें आहे. आपण भुकेल्या जीवास घास देतों अशी त्यांची भावना असते. परंतु तो घास वानरीचें बालपण तोडतो, तिच्या बाळंतपणांतलें अंतर कमी करतो, आणि टोळी वाढवितो. इकडे तेवढ्याच वेगानें चिंचा व आंबे तुटत असतात. वाढलेली टोळी मग कचेऱ्यांच्या खिडक्यांवर व उरल्यासुरल्या शेतांवर उतरते, आणि ज्यास कालपर्यंत नमस्कार केला त्याच वानरास पकडून न्या म्हणून आपणच अर्ज करतों. नरांची अडचण तर याहून निराळी. त्याला बाहेर पडलेंच पाहिजे, हा त्याच्या जातीचा नियम. पण बाहेर पडावयास एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाणारी वाट लागते. ती वाट जेथें रुंद रस्त्यानें तुटते तेथें वयांत येणारा नर डांबरावर उतरतो, आणि त्याचा वनवास तेथेंच संपण्याचा संभव असतो.

यावर मोठा उपाय सुचविण्याचा आमचा अधिकार नाहीं. दोन गोष्टी मात्र प्रत्येक कुटुंबास करतां येण्यासारख्या आहेत. वानरांना हातानें अन्न घालूं नये. आणि जुन्या बांधांवरचीं झाडें रांगेनें राखावीं, एकटींदुकटीं ठेवूं नयेत. पुण्यच करावयाचें असेल तर शनिवारच्या केळ्यापेक्षां चिंचेचें एक रोप लावण्यांत तें अधिक आहे. त्याचें फळ हुप्प्याच्या अनेक कारकीर्दी पुरेल.

त्या दुपारीं उन्हें कलल्यावर टोळी चिंचेवरून निघाली. काळें पिलूं पुन्हां आईच्या पोटाशीं आलेलें होतें. तें नर होतें कीं मादी, हें आम्हांस खालून दिसलें नाहीं. तो वृद्ध शेतकरी मात्र टोळी दिसेनाशी होईपर्यंत पाहत उभा होता. तीं वानरें ज्या बांधावरून गेलीं तो बांध एके काळीं त्याचा होता, असें त्यानें परततांना सांगितलें.